अंतर जास्त, तरी वेळ कमी: लांबच्या विमानप्रवासाचं गणित

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान ऑक्टोबर २०१६ पर्यंत पश्चिमेकडे निघायचं आणि युरोप, अटलांटिक असं करत अमेरिका गाठायचं. हा रस्ता साधारण १३,९०० किलोमीटरचा. त्या महिन्यात कंपनीने दिशाच फिरवली. विमान पूर्वेकडे निघालं आणि पॅसिफिकवरून गेलं. नवा रस्ता भरला १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. विमान मात्र साडेचौदा तासांत उतरलं, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर.

अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. ते सूत्र चुकीचं नाही. पण दोन शहरांच्या बाबतीत 'अंतर' म्हणजे कुठलं आणि 'वेग' म्हणजे कुणाच्या मानाने, हे दोन प्रश्न शाळेत कुणी विचारत नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा हेच कोडं पुन्हा बातम्यांत आलं. उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांचे तास वाढले. अमेरिकेच्या काही विमानांना व्हिएन्ना, कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं. शहरं तर जागची हलली नव्हती.

सरळ रस्ता कागदावर वाकडा का दिसतो

बीजिंग आणि न्यूयॉर्क ही दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, उत्तरेला साधारण ४० अंशांवर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर दोघांना जोडणारी आडवी रेघ निघते. त्या रेघेवरून, म्हणजे ४० अंशांचं वर्तुळ धरून पॅसिफिकवरून गेलं, तर अंतर भरतं सुमारे १४,४०० किलोमीटर. आता पृथ्वीचा गोल घ्या. बीजिंगवर दोऱ्याचं एक टोक बोटाने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो आडवा राहतच नाही. सरकत सरकत वर चढतो आणि उत्तर ध्रुवाच्या अगदी शेजारी, ध्रुवापासून सातशे किलोमीटरच्या आत जाऊन बसतो. या दोऱ्याची लांबी सुमारे ११,००० किलोमीटर. पट्टी आणि दोरा यांत ३,४०० किलोमीटरचा फरक!

ताणलेला दोरा गोलावर जी वाट धरतो तिला 'बृहद्‌वृत्त' म्हणतात. गोल बरोबर मधोमध कापला तर कडेला जे सगळ्यांत मोठं वर्तुळ दिसेल, त्याचाच हा तुकडा. गोलावरच्या कुठल्याही दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता हाच.

मग नकाशा खोटं बोलतो का? तसं नाही, तो वेगळ्या कामासाठी काढलेला आहे. आपल्या डोळ्यांत बसलेला जगाचा नकाशा मूळचा गेरार्डस मर्केटरचा, १५६९ सालचा आणि खलाशांसाठी केलेला. होकायंत्राची एक दिशा धरून जहाज हाकलं तर तो प्रवास या नकाशावर सरळ रेषेत दिसतो. त्या बदल्यात ध्रुवांकडचा भाग रबरासारखा ताणला जातो. म्हणूनच ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. सीटसमोरच्या स्क्रीनवर विमान उगाच उत्तरेला वळसा घालतंय असं वाटतं, तेव्हा वळसा नकाशात असतो. विमान दोऱ्याच्या वाटेनेच चाललेलं असतं.

इंटरनेटवर दोन शहरांची नावं टाकली की जो आकडा मिळतो, तो बहुधा या दोऱ्याचा. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, त्यामुळे हा आकडा २०,००० च्या वर कधीच जात नाही. याहून लांब एकमेकांपासून जगात काही असूच शकत नाही. पण या आकड्याइतकंच उडून पोहोचणारी विमानंही जवळपास नसतातच.

विमान आवाजाच्या पुढे गेलं का?

एकदा रात्रीच्या विमानात झोप लागेना, म्हणून मी स्क्रीनवरचे आकडे बघत बसलो होतो. वेग ताशी १,१०० किलोमीटरच्या वर गेला. शेजारचे काकाही जागेच होते. त्यांनी चष्मा वर करून आकडा पाहिला आणि हळूच विचारलं, "अहो, हे आवाजाच्या पुढे गेलं की काय?"

शंका अगदी रास्त होती. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं आणि तिथे आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर. पण स्क्रीनवर दिसतो तो जमिनीच्या मानाने वेग. विमानाच्या पंखांना जमिनीशी काही देणंघेणं नसतं, त्यांना फक्त भोवतालची हवा कळते. आजची लांब पल्ल्याची विमानं हवेतून आवाजाच्या साधारण ८५ टक्के वेगाने जातात, म्हणजे ताशी ९०० किलोमीटर. त्या रात्री ती हवाच आमच्या दिशेने ताशी दोनशेने धावत होती.

विमानतळावर सरकता पट्टा असतो ना, तसंच हे. पट्ट्यावर तुम्ही नेहमीच्याच चालीने चालता, तरी बाजूच्या फरशीवरून चालणारा मागे पडतो. तुमच्या पायांचा वेग वाढलेला नसतो. उलट्या पट्ट्यावर चढलात तर तीच चाल आणि तितकेच कष्ट, पण दार जवळ यायला वेळ लागतो.

काकांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आपण ढकलले जातोय." माझ्या पाच मिनिटांच्या व्याख्यानापेक्षा ते चार शब्द बरे होते.

वरची नदी

या ढकलणाऱ्या वाऱ्याचं नाव जेट प्रवाह, अर्थात जेट स्ट्रीम. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, नेमक्या विमानं उडतात त्या थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा अरुंद झोत. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्याचा रोजचा वेग, आणि हिवाळ्यात जोर आला की तीनशेच्या पुढेही. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्यातल्या तफावतीतून तो तयार होतो. हिवाळ्यात तफावत वाढते, त्यामुळे प्रवाहही जोर धरतो. म्हणूनच त्याच मार्गाच्या, त्याच विमानाच्या हिवाळी आणि उन्हाळी वेळापत्रकात फरक असतो.

त्याच्या शोधाची गोष्ट मला फार आवडते. १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी हे जपानी हवामानशास्त्रज्ञ आकाशात फुगे सोडून वरच्या वाऱ्याचा वेग मोजत होते. फुगे भलत्याच वेगाने पूर्वेकडे पळत. आपलं काम जगाने वाचावं म्हणून त्यांनी ते एस्पेरांतो या जागतिक म्हणून तयार केलेल्या भाषेत छापलं. ती भाषा वाचणारे फारसे कुणी नव्हतेच. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बर विमानं जपानवर उंचावरून उडू लागली आणि त्या वाऱ्यात सापडली, तेव्हा कुठे वैमानिकांना त्याचा दणका कळला.

दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं कोडं इथे सुटतं. पूर्वेकडचा रस्ता जपानवरून पॅसिफिकमध्ये शिरतो, आणि तिथे हा प्रवाह अगदी भरात असतो. १५,३०० किलोमीटर साडेचौदा तासांत म्हणजे सरासरी वेग ताशी १,०५५ च्या घरात. पश्चिमेकडून जाताना तोच वारा तोंडावर घ्यावा लागायचा.

अटलांटिकवर याचं रोजचं नियोजन चालतं. युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्यामधले समुद्रावरचे हवाई मार्ग कायमचे आखलेले नाहीत. वारा बघून ते रोज नव्याने ठरतात. पूर्वेकडे जाणाऱ्यांना प्रवाहात घालायचं, पश्चिमेकडे येणाऱ्यांना त्यातून बाहेर काढायचं. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाने हा प्रवाह इतका चेतवला, की न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं जम्बो ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. एरवी याच प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात.

पण पृथ्वी तर स्वतःभोवती फिरतेच की!

हा आक्षेप हटकून येतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला समोरचं शहर आपणहून भेटायला येत असणार. उलट तेच विमान लवकर पोहोचायला हवं. नुसतं वर जाऊन थांबलं तरी चालेल.

धावत्या रेल्वेच्या डब्यात उडी मारून बघा. तुम्ही मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, जिथून उडालात तिथेच उतरता. कारण उडायच्या आधीच तुम्ही गाडीच्या वेगाने पुढे चाललेले असता, आणि डब्यातली हवाही. पृथ्वीचं तसंच. जमीन, समुद्र, धावपट्टी, हवा आणि विमान, सगळं एकाच डब्यात बसलेलं आहे. त्यामुळे फिरण्याचा थेट फायदा कुणालाच नाही. आडून मात्र परिणाम होतो. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघालेल्या हवेला पृथ्वीचं फिरणं पूर्वेकडे वळवतं, आणि तोच आपला जेट प्रवाह.

जाताना तोटा, येताना फायदा, म्हणजे हिशेब मिटला ना?

मिटत नाही. ५,४०० किलोमीटरवरची दोन शहरं घ्या. वारा नसेल तर ताशी ९०० ने जायला ६ तास, यायला ६ तास, एकूण १२. आता ताशी १०० चा वारा आणा. वाऱ्याबरोबर १,००० च्या वेगाने ५ तास २४ मिनिटं. वाऱ्याविरुद्ध ८०० च्या वेगाने ६ तास ४५ मिनिटं. बेरीज १२ तास ९ मिनिटं. वाढलेली ही नऊ मिनिटं आली कुठून? अनुकूल वाऱ्यातून विमान लवकर निसटतं, म्हणून त्याचा फायदा थोडाच वेळ मिळतो. प्रतिकूल वाऱ्यात ते जास्त वेळ अडकतं, म्हणून तोटा लांबतो.

याचा धागा हवामान बदलापर्यंत जातो. रेडिंग विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ पॉल विल्यम्स यांनी २०१६ मध्ये संगणकी प्रतिमानांवरून दाखवलं, की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर अटलांटिकवरचा प्रवाह अधिक जोरकस होईल. पूर्वेकडची विमानं लवकर पोहोचतील, पश्चिमेकडची त्याहून जास्त रखडतील आणि एकूण येण्याजाण्याचा वेळ व इंधन वाढेल.

आकाशालाही कुंपण असतं

दोरा ताणला तर दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर आहे जेमतेम १२,४०० किलोमीटर. पण तो दोरा सायबेरिया आणि आर्क्टिकवरून जातो. प्रत्यक्षातले दोन्ही रस्ते त्याहून हजार-दीड हजार आणि तीन हजार किलोमीटरने लांब होते. प्रत्येक देशाच्या वरचं आकाश त्या देशाचं असतं. तिथून कुणाला जाऊ द्यायचं आणि त्याचे किती पैसे घ्यायचे, हे तोच ठरवतो.

याचा सर्वांत जास्त फटका कुणाला बसला असेल, तर फिनलंडला. हेलसिंकी ते टोकियो हे बृहद्‌वृत्ताने ८,००० किलोमीटरही नाही. रशियावरून गेलं की नऊ-साडेनऊ तासांत जपान. युरोपातून आशियाला जायचा सर्वांत जवळचा दरवाजा म्हणून फिनएअरने आपला धंदा त्यावरच उभा केला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, रशियाचं आकाश बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांवर गेला. विमान उत्तर ध्रुवावरून, अलास्काजवळून फिरून सुमारे १२,९०० किलोमीटर कापू लागलं. यातली गंमत अशी, की १९८३ मध्ये फिनएअरने हा थेट मार्ग पहिल्यांदा सुरू केला तेव्हाही सोव्हिएत आकाश बंद होतं आणि विमान असंच ध्रुवावरून सुमारे तेरा तासांत जायचं. चाळीस वर्षांची प्रगती एका आठवड्यात पुसली गेली.

काही कुंपणं राजकारणाची नसतात. तिबेटच्या पठारावरून फारशी विमानं जात नाहीत, त्याचं कारण डोंगराला धडकण्याची भीती हे नाही. विमानं डोंगरांच्या खूप वरून उडतात. प्रश्न आहे केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर काय, हा. डोक्यावरून पडणाऱ्या मास्कमधला प्राणवायू साधारण पंधरा मिनिटं पुरतो. तेवढ्यात विमान तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली आणावं लागतं. खालचं पठारच साडेचार किलोमीटर उंच असेल तर उतरणार कुठे?

समुद्राचाही असाच एक नियम आहे. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक वेळात पोहोचता येईल असा विमानतळ कायम आसपास हवा. अमेरिकेत १९५३ मध्ये ही मर्यादा ६० मिनिटांची होती, म्हणून दोन इंजिनांची विमानं महासागराच्या कडेकडेने चालायची. इंजिनं भरवशाची झाली तशी १९८५ मध्ये ती १२० मिनिटं झाली. २०१४ मध्ये एअरबस ए३५० ला तब्बल ३७० मिनिटांपर्यंत मुभा मिळाली. एका इंजिनावर सहा तास! त्यानंतर दोन इंजिनांच्या विमानांना समुद्रावरचे बरेच वळसे टाळता आले.

वळसा पडला तर पडला, दोन तास जास्त उडायचं, त्यात काय?

लांबच्या पायी वाटेवर सगळं पाणी पाठीवर घेऊन निघणाऱ्या माणसाचा विचार करा. जास्त दिवसांचं पाणी घेतलं की ओझं वाढतं, ओझ्याने घाम वाढतो आणि घामाने पाणी जास्त लागतं. विमानाची गत हीच. पंधराव्या तासाला लागणारं इंधन आधीचे चौदा तास वाहून न्यावं लागतं आणि ते वाहायलाही इंधनच जळतं.

सिंगापूर ते न्यूयॉर्क हा न थांबता होणारा सर्वांत लांबचा नियमित प्रवास, सुमारे १५,३०० किलोमीटर, साडेअठरा तासांच्या आसपास. त्यासाठी ए३५० ची खास आवृत्ती बनवली आहे. तिच्या टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावतं. टाक्या भरल्या तर उडतानाच्या कमाल वजनापैकी जवळपास निम्मं इंधनाचंच. प्रवासी फक्त १६१, आणि स्वस्तातला इकॉनॉमी वर्ग नाहीच. त्यामुळे आधीच मर्यादेवर असलेल्या मार्गावर वळसा पडला की दोनच पर्याय उरतात. माणसं-सामान कमी न्यायचं किंवा वाटेत उतरायचं. वाटेत उतरलं की उतरणं, इंधन भरणं आणि पुन्हा चढणं यात दोनेक तास जातात, शिवाय वैमानिकांच्या कामाचे तास संपत येतात. पाकिस्तानची हद्द बंद झाल्यावर व्हिएन्नाला जो थांबा पडला, तो यातूनच.

साठ वर्षांत वेग का वाढला नाही?

बोइंग ७०७ ने १९५८ मध्ये अटलांटिक ओलांडायला सुरुवात केली, तेव्हाचा वेग आजच्या आसपासच होता. आवाजाच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध एकदम भिंतीसारखा उभा राहतो. ती भिंत फोडणारं काँकॉर्ड होतं. ७ फेब्रुवारी १९९६ ला ते न्यूयॉर्कहून लंडनला २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत गेलं होतं. पण ते इंधन बेसुमार प्यायचं आणि त्याच्या मागून येणाऱ्या दणक्यामुळे वस्तीवरून त्याला पूर्ण वेगाने जाता येत नसे. २००३ मध्ये ते थांबलं. आज विमान कंपन्या उलट इंधन वाचवण्यासाठी किंचित सावकाशच उडतात.

तिकिटावरचे तास

वेळापत्रकात छापतात ती वेळ दारापासून दारापर्यंतची असते. विमान जागेवरून मागे सरकलं तेव्हापासून दुसरीकडे जागेवर लागेपर्यंतची. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, उतरण्याआधी घिरट्या घालणं, सगळं त्यात धरलेलं असतं. वर थोडी उसंतही. उशिरा निघूनही विमान 'वेळेवर' पोहोचतं ते या उसंतीमुळे.

आणि दोन्ही वेळा ज्या त्या गावच्या घड्याळाच्या. टोकियोहून सोमवारी रात्री ९ ला निघालं आणि सात तास उडालं, की होनोलुलूला उतरताना सोमवारचे सकाळचे ९ वाजलेले असतात, म्हणजे निघायच्या बारा तास आधी! मध्ये एकोणीस तासांचा फरक आणि वार बदलणारी रेषा आहे. प्रवासाचे खरे तास हवे असतील तर दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणून मगच वजाबाकी करायची.

घरबसल्या अंदाज

दोऱ्याचं अंतर घ्या, ९०० ने भागा, चढ-उतार आणि जमिनीवरच्या रांगांसाठी पाऊण तास मिळवा. न्यूयॉर्क–लंडन ५,५४० किलोमीटर, म्हणजे सहा तास दहा मिनिटं अधिक पाऊण तास, जवळपास सात. पूर्वेकडे जाणार असाल तर हा आकडा थोडा खाली येईल, पश्चिमेकडे जाणार असाल तर तासभर वर चढेल, थंडीत आणखी थोडा. उत्तर-दक्षिण प्रवासात वाऱ्याचा फारसा फरक पडत नाही. मग गोलावरचा दोरा पुन्हा एकदा बघा, त्याच्या खाली कोणकोणते देश येतात ते मोजा आणि त्यातला एखादा सध्या बंद असेल तर तो टाळून दोरा परत ताणा. नवी लांबी येईल ती खरी.